एका कूपनाला एक हंडा

सन्माननीय व्यासपीठ, आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष माननीय लडकूशेठ भोईर, यात्रा समितीचे अध्यक्ष माननीय... तेही लडकूशेठच. मुख्याध्यापक सुयोग सरांनी माझ्या हातात दिलेल्या चिठ्ठीवर त्यांचं नाव दोनदा आहे. मी नमस्कार एकदाच करते. माणूस एक आहे आणि त्याला जोडायला माझ्याकडे हातही दोनच आहेत. मंचावरचे इतर मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचे गणिताचे शिक्षक हरेश वेखंडे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी मालूवहिनी, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसलेल्या पाड्यांवरच्या बाया, ज्यांच्यासाठी चिठ्ठीतही जागा उरली नव्हती: तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी भावना पष्टे, या शाळेत एकोणीस वर्षं मराठी शिकवते. या एकोणीस वर्षांत माईक माझ्या हातात फार वेळा आलेला नाही. आला तेव्हा कानात ‘बाई, पाच मिनिटं’ असं सांगूनच आला. आज मात्र सुयोग सर स्वतः मंचाच्या पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “बाई, आज मोकळेपणानं बोला. हवं तेवढं बोला. घाई करू नका.” एकोणीस वर्षं ज्याच्या पानात शिळी भाकर पडली, त्याला अचानक पुरणपोळी वाढली तर तो आधी तिचा वास घेतो. मीही घेतला. या औदार्यामागचं कारण मला कळलेलं आहे. ते योग्य जागी सांगेन.

निरोपाच्या भाषणात डोळे ओले करायची पद्धत आहे. माझ्याकडून ते होणार नाही. मला आज शिसारी आली आहे, आणि शिसारीत डोळे कोरडे राहतात, असा माझा अनुभव आहे.

आतापर्यंत सहा वक्ते बोलले. सहाही जणांनी सांगितलं की सर शिस्तप्रिय, मितभाषी आणि वक्तशीर होते. भिंतीवरचं घड्याळही तसंच असतं. सर तीस वर्षं इथे काय शिकवत होते, हे एकानेही सांगितलं नाही. चौथ्या वक्त्यांनी मात्र विनोद केला. ते म्हणाले, “आज आपले उणे दहा सर शाळेतून उणे होतायत.” सभागृह हसलं. लडकूशेठ हसले. सरही हसले, कारण सरांना सवय आहे. मालूवहिनी हसल्या नाहीत. मी त्यांच्याच शेजारी बसले होते, म्हणून मला दिसलं.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे ‘उणे दहा’ काय प्रकरण आहे ते माहीत नसेल. ते मी सांगते. पण त्याआधी सरांचा एक तास सांगावा लागेल.

अकरावीचा वर्ग होता. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते, आणि मधली भिंत आपल्या संस्थेनं बांधलेली असल्यामुळे सरांचं गणित मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. सर म्हणाले, “ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांनी उभं राहा.” बाकं वाजली. “बारा. बसा. आता ज्यांच्या घरी बैल आहेत ते उभे राहा.” पुन्हा बाकं वाजली. “नऊ. मग म्हैस किंवा बैल असलेली घरं किती?” वर्ग ओरडला, एकवीस. तेवढ्यात कुणाली नावाची मुलगी म्हणाली, “सर, मी दोनदा उभी ऱ्हायले.”

“का गो?”

“आमच्याकडं दोन्ही हायेत.”

“असं दोनदा कोण कोण उभं राहिलं?” कुणालीसकट चौघं निघाले. “मग एकवीस उणे चार. घरं सतरा. पहिल्या अटीत बसणारे मिळवा, दुसऱ्या अटीत बसणारे मिळवा, आणि जे दोन्हीत बसतात ते एकदा वजा करा. कुणाली, तू उभी दोनदा राहा, काही हरकत नाही. पण जेवायला बसशील तेव्हा पान एकच.”

मी भिंतीच्या अलीकडे अलंकार समजावत होते. मला कबूल केलं पाहिजे, त्या दिवशी पलीकडचा तास माझ्यापेक्षा चांगला झाला. उभी दोनदा राहा, पण पान एकच. या तालुक्यात दोनदा उभं राहणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. एका पानावर उठणारा मात्र मला या मंचावर अजून दिसायचा आहे.

आता प्रकरण. आठ वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. गावं आणि पाडे मिळून एक हजार घरांना एकेक कूपन फुकट द्यायचं ठरलं. कूपनावर तीन अंक. शून्य-शून्य-शून्यपासून नऊ-नऊ-नऊपर्यंत. बक्षीस स्टीलचा हंडा. शहापूर तालुक्यात धरणं एवढी आहेत की मुंबईची तहान भागते, म्हणून आपल्याकडे बक्षीस द्यायचं तर हंडाच द्यावा लागतो. तो कुणाला द्यायचा? लडकूशेठांचा लाडका आकडा सात. गाडीच्या पाटीवर सात, मोबाइलच्या शेवटी सात. तेव्हा ठरलं की कूपनाचा पहिला अंक सात असेल किंवा शेवटचा अंक सात असेल, त्याला हंडा. किती हंडे आणायचे हे काढायचं काम अर्थातच गणिताच्या सरांकडे आलं.

सरांनी समितीसमोर फळ्यावर मांडलं. पहिला अंक सात धरला, तर उरल्या दोन जागा. प्रत्येक जागेवर शून्य ते नऊ यांतला कोणताही अंक चालेल. दहा गुणिले दहा, शंभर कूपनं. शेवटचा अंक सात धरला तरी तसंच, शंभर. इथे समितीतले एक सदस्य उठले, कारण शंभर आणि शंभर किती हे त्यांना येत होतं. सर म्हणाले, “बसा, अजून संपलं नाही. सात-शून्य-सात, सात-एक-सात, असं करत सात-नऊ-सातपर्यंत दहा कूपनं आहेत, ज्यांच्या दोन्ही टोकांना सात आहे. ती आपण दोन्हीकडे मोजली. एकदा वजा करा. एकशे नव्वद.”

एकशे नव्वद हंडे आले. इथवर सगळं ठीक होतं. कुणालीला कळलं असतं. तिच्या घरच्या म्हशीलाही कळलं असतं.

कूपनं वाटायच्या आदल्या दिवशी लडकूशेठांनी गठ्ठा मागवला. म्हणाले, “दोनी अंगानं सात म्हंजे मानाचं कूपन. ते असं कुनाच्याबी हातात कसं द्यायचं?” आणि ती दहा कूपनं मंचावरच्या दहा खुर्च्यांवर गेली. ज्यांच्या पुढे शून्य होतं ती पाड्यांकडे गेली. मी विचारलं, असं का? उत्तर मिळालं, “त्यांना काय बाई, पुढं शून्य असलं तरी चालतं.” हे उत्तर देणारे गृहस्थ आज मंचावर आहेत. त्यांनी मान खाली घातलेली नाही, म्हणून मीही नाव घेत नाही.

समारंभाच्या दिवशी पहिला मान मंचाचा. शेठांनी सात-सात-सात दाखवलं, एक हंडा घेतला आणि हात तसाच पुढे ठेवला.

“दुसरा?”

सर मंचाच्या पायरीवर उभे राहून वाटपाकडे बघत होते. म्हणाले, “दुसरा कशाचा?”

“पुढच्या साताचा घेतला. मागच्या साताचा ऱ्हायला.”

“शेठ, एका कूपनाला एक हंडा.”

तेव्हा लडकूशेठांनी जो युक्तिवाद केला तो मी आजही विसरलेले नाही, कारण त्यात आपला सगळा तालुका बसतो. ते म्हणाले, “सर, लग्नात नवऱ्याचा मामाबी मीच आन् गावचा पाटीलबी मीच. मामाची टोपी येगळी, पाटलाची टोपी येगळी. मी दोन घेतो का नाय? का तुमी मंडपात येऊन त्यातली एक वजा करनार?”

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्याकडच्या लग्नात मानकऱ्यांची नावं माईकवरून पुकारतात आणि प्रत्येकाला टॉवेल-टोपी देतात. नात्याचा मान वेगळा, पदाचा वेगळा. दोन्ही असलेला माणूस दोनदा उठतो आणि दोन टॉवेल घेऊन बसतो. एकच दिला तर तो जेवत नाही. मग त्याची समजूत काढायला चार माणसं जातात, आणि त्या चारांतही एक जण असा असतो की ज्याला स्वतःचा दुसरा टॉवेल मिळालेला नसतो. आमच्याकडे मिळवणं म्हणजे मान आणि वजा करणं म्हणजे अपमान. त्यामुळे शेठ बोलले आणि सभागृहातल्या प्रत्येक मामानं मान डोलावली. शाळेत गणित पन्नास वर्षं शिकवलं जात होतं. मंडपातलं गणित त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

दहा जणांनी वीस हंडे नेले. मागे उरले एकशे सत्तर, आणि रांगेत एकशे ऐंशी कूपनं. रांग सरकत गेली आणि शेवटी दहा बाया उरल्या. हातात कूपन बरोबर, डोक्यावर चुंबळ, आणि चुंबळीवर काही नाही. त्यांतल्या एक अंबूबाई आज मागे पायरीवर बसल्या आहेत. त्यांचं कूपन शून्य-चार-सात. त्यांनी टेबलाशी येऊन विचारलं, “माजा सात शेवटाला हाये का नाय?”

“आहे, बाई.”

“मंग माजा हंडा कुटं हाये?”

त्यावर माईकवरून जाहीर झालं की गणिताच्या सरांकडून मोजण्यात दहाची चूक झाली, त्याबद्दल संस्था दिलगीर आहे. त्या वेळी माईक कुणाच्या हातात होता ते मी सांगणार नाही. सुयोग सर, तुम्ही थोडं पाणी प्या.

नंतर समितीची बैठक झाली. सर म्हणाले, मी सगळी कूपनं एकेक करून फळ्यावर लिहून दाखवतो, तुम्हीच मोजा. त्यांना सांगण्यात आलं की चहा गार होतोय. मी उठून म्हणाले की हिशेब सरांचा बरोबर आहे, हंडे मंचानं जास्तीचे नेलेत. मला सांगण्यात आलं, “बाई, तुमचा विषय मराठी.” बरोबर आहे. माझा विषय मराठी असल्यामुळे या प्रकाराला मराठीत काय म्हणतात तेही मला माहीत होतं, पण तो शब्द बैठकीत उच्चारण्यासारखा नव्हता.

पुढच्या आठवड्याच्या बाजाराला सर शहापूरला गेले. त्यांनी दहा हंडे विकत घेतले, जीपच्या टपावर बांधले आणि पाड्यावर घरोघर नेऊन दिले. कुणाला सांगितलं नाही. पण दहा हंडे टपावर बांधून डोळखांबच्या रस्त्यानं गुपचूप जाता येत नाही. प्रत्येक खड्ड्याला ते गावाला हाक मारतात.

सोमवारी शाळा भरायच्या आत निकाल लागलेला होता. “चूक नव्हती तर भरून कशाला दिले?”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं शाळेच्या फाटकाशी. नंतर स्टाफरूममध्ये ऐकलं, मग एका शिकलेल्या पालकाकडून ऐकलं. शिसारी मला तेव्हा आली ती अजून उतरलेली नाही. आपल्याकडे ज्यानं सांडलं तो कधी पुसत नाही. त्यामुळे फडकं हातात घेऊन जो वाकलेला दिसेल, त्यानंच सांडलं, असा आपला न्याय. सरांनी दहा बायकांना पाणी भरायचं भांडं दिलं, आणि तीच त्यांची कबुली ठरली. त्यांनी ते हंडे दिले नसते, ओटीवर पाय पसरून बसले असते, तर आज त्यांच्यावरही कुणाला बोट ठेवता आलं नसतं. मंचावरच्या दहा जणांवर कुठे कुणी ठेवलं?

तेव्हापासून ते ‘उणे दहा सर’. पोरं शिकली, मग पोरांच्या घरचे शिकले. स्टाफरूममध्ये चहा सांगताना कुणीतरी म्हणायचं, “कप किती ते सरांना इचारू नका रे, दहा जण बिनचहाचे ऱ्हातील.” एका मुलाला गणितात पंचवीस मार्क मिळाले, तर त्याचे वडील पेपर बघायला आले आणि म्हणाले, “सर, तुमीच मोजले ना? मंग दहा मिळवा त्यात. पास हाये पोरगा.” सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि एकेक उत्तर समजावून सांगितलं. पर्यवेक्षकाची जागा सेवाज्येष्ठतेनं सरांची होती. तेव्हा शेठांनी बैठकीत विचारलं, ज्याला हंडे मोजता येत नाहीत तो शाळा काय मोजणार? जागा कवायतीच्या सरांना मिळाली. त्यांना मोजता येतं. चारपर्यंत.

गेल्या आठवड्यात मी या समारंभाचं आमंत्रण द्यायला आसनगावला सरांच्या घरी गेले होते. मालूवहिनी म्हणाल्या, “भावनाताई, मी यांना म्हटलं, नका जाऊ. तिथं पुन्हा तेच नाव काढतील. आमच्या इथल्या भाजीवालीपर्यंत पोचलंय ते.” सर शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, “जाऊन येऊ. एवढ्या माणसांत एखादा तरी आकडा बरोबर सांगेल.”

वहिनी, तुम्ही माझ्याकडे रागानं बघताय. घरातलं बोलणं मी चव्हाट्यावर आणलं, हे खरं आहे. पण सभागृहाला कळू दे की हा माणूस आज इथे कशासाठी आला आहे. शालीसाठी नाही, नारळासाठी नाही. फक्त एक आकडा कुणीतरी बरोबर सांगावा म्हणून. सहा वक्ते झाले. वक्तशीरपणा सहा वेळा आला. आकडा आला नाही.

मी सांगितला, पण माझ्या सांगण्याला किंमत नाही. माझा विषय मराठी.

आता मला मोकळेपणानं बोलायला का सांगितलं, ते. मंचावर सरांसकट दहा माणसं आहेत. सुयोग सरांनी माणसं मोजली आणि दहा शाली आणल्या. हिशेब चोख. पण आमचे सूत्रसंचालक हर्षित सर नवीन आहेत, त्यांनी समोर आलेली पदं वाचली. संस्थेचे अध्यक्ष म्हणून लडकूशेठ उठले, एक शाल घेतली. यात्रा समितीचे अध्यक्ष म्हणून लडकूशेठ पुन्हा उठले, दुसरी घेतली. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही वेळा. ज्यांच्यासाठी समारंभ त्यांचा सत्कार आपल्या प्रथेप्रमाणे शेवटी, आणि शेवटी शाल उरलीच नाही. सरांच्या मांडीवर तो बघा, नुसता नारळ आहे. दोन-दोन पदं असलेले आणखी दोघे मंचावर आहेत. त्यांना एकेकच मिळाली. त्यांचे चेहरे बघा, म्हणजे मंडपात न जेवलेला मामा कसा दिसतो ते पाहुण्यांना कळेल.

आपला अमोल जीप घेऊन शहापूरला शाल आणायला गेलाय. तो येईपर्यंत मी बोलत राहायचं आहे. म्हणजे मी वक्ता नाही. मी खोळंबा आहे, फक्त माझ्या हातात माईक दिलाय.

सुयोग सर, तुम्ही घामाघूम झालात. वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हिशेब बरोबर होता, दहा माणसांना दहा शाली. पण उद्यापासून स्टाफरूममध्ये कुणी तुम्हाला ‘उणे एक’ म्हणायला लागलं तर? आणि नव्या शालीचे पैसे तुम्ही स्वतःच्या खिशातून अमोलकडे दिलेत, ते मी पाहिलं. चूक नव्हती तर भरून कशाला दिले, सर?

बघा, एका शालीत तुमचा घसा सुकला. वेखंडे सरांनी आठ वर्षं काढली.

तेव्हा शाल येईपर्यंत वेळ आहेच, तर मंचाला माझी एक विनंती आहे. लडकूशेठ, आज एकतीस मे. डोक्यावर पत्रा आहे. तुमच्या अंगावर दोन लोकरी शाली आहेत आणि घामाच्या धारा मला इथून दिसतायत. त्यांतली एक काढा. भाषण नको, खुलासा नको. नुसती काढा. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

शेठ म्हणतायत, “बाई, मान हाये तो. मान काय काढून ठेवायचा असतो?”

शेठ, तीस वर्षं हा माणूस तुमच्या शाळेत जे शिकवत होता ते तुमच्यापर्यंत पोहोचलंच नाही, कारण मधली भिंत तुम्ही माझ्या वर्गाच्या बाजूला पातळ बांधलीत, तुमच्या बाजूला जाड. सर वजा करायला सांगतात म्हणजे हाकलून द्यायला सांगत नाहीत. दोनदा मोजलेल्याला एकदा वजा केलं की तो शून्य होत नाही. एक उरतोच. सात-सात-सातचं कूपन कुणी फाडलं नव्हतं, त्याला एक हंडा होताच. तुमचा मान कुठे जात नाही. फक्त दुसऱ्याच्या वाट्याचा त्याच्याकडे जातो.

काय म्हणता, अंबूबाई? थांबा, पुढपर्यंत ऐकू येत नाही, मी माईकवर सांगते. अंबूबाई म्हणतायत, “शेठ, काढा की एक. एक ऱ्हातेच ना अंगावर. तुमचा तो दुसरा हंडा आठ वर्सं गोठ्यात म्हशीला पानी पाजतोय, आमी कवा काय बोललो?” हसू नका. गोदूबाई, तुम्ही तर अंबूबाईंच्या शेजारी बसलाय, तुम्ही तरी हसू नका. आणि अंबूबाई पुढे म्हणतायत, “उकाड्यानं पडाल आडवं, मंग आमाला हार घालायला लागंल. तो कवाबी एकच असतो, मामा असू द्या नायतर पाटील.”

काढली. मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगते, शेठांनी वरची शाल काढली. घडी घातली. खुर्चीच्या पाठीवर टाकली, जणू पंख्याखाली वाळत घातली. असो. हर्षित सर, तुम्ही ती उचलून वेखंडे सरांकडे नेताय, तुमचा हेतू चांगला आहे, पण सर नको म्हणतायत. सर उभे राहिलेत. बोला, सर. नको, माईक नको म्हणतायत. बरं, मी सांगते. सर म्हणतायत, “शाल येतेय ती पुरे. शेठ, मला एकच विचारायचंय. त्या दिवशी हंडे किती लागत होते?”

शांतता ठेवा. पंख्याचा आवाज होतोय, तो पंखाही बंद करा. आठ वर्षं उकडतंय, अजून दोन मिनिटांनी कुणी मरत नाही. लडकूशेठ, माईक तुमच्याकडे देते.

धन्यवाद, शेठ. ऐकलंत सगळ्यांनी? पायरीपर्यंत ऐकू आलं? एकशे नव्वद. शेठ स्वतःच्या तोंडानं म्हणाले, माईकवर म्हणाले. त्यापुढे ते “पन मानानं मोजलं तर दोनशे” असंही म्हणाले. ते तुमच्यापर्यंत पोहोचलं नसेल, कारण तोवर माईक मी परत घेतलेला होता. हा माझ्याकडून झालेला प्रमाद आहे. मी तो जाणूनबुजून केला, हेही सांगून टाकते.

मालूवहिनी, भाजीवालीला सांगा. चौथे वक्ते, तुम्ही तुमचा विनोद घरी घेऊन जा, इथे आता त्याला गिऱ्हाईक नाही. सर बसलेत. सकाळपासून खुर्चीच्या टोकावर होते, आत्ता पाठ टेकून बसलेत.

बाहेर हॉर्न वाजला, म्हणजे माझं काम संपलं. ये अमोल, आत ये. दमला असशील. किती शाली आणल्यास रे? तीन? एक सरांची, मग ह्या दोन कुणाच्या? वाटेत फोन आला होता. मंचावरून. अच्छा.

एवढं सगळं झालं. फळा झाला, म्हैस झाली, बैल झाले, अंबूबाईंचं बोलून झालं, शेठांनी आकडा उच्चारला. आणि तेवढ्या वेळात मंचावरच्या दोन मामांनी हळूच मोबाइल काढून आपापल्या दुसऱ्या शालीची ऑर्डर दिली. मी समोर उभी राहून बोलत असताना. मला वाटलं होतं, आज ही शिसारी थोडी उतरेल. ती बघा, घडी घालून, पिशवीत बांधून, शहापूरहून ताजी आली.

हर्षित सर, या वेळी नाव मी पुकारते. श्री. हरेश वेखंडे सर, गणित. एकदाच पुकारते, त्यांना एकदा पुरतं.

ज्यांनी मला माईक दिला त्या सुयोग सरांचे आभार. त्यांची अडचण नसती तर मी आजही पाच मिनिटांत बसले असते. अंबूबाईंचे आभार. रस्त्यावरच्या खड्ड्यांचेही आभार, त्यांनी जीप लवकर येऊ दिली नाही. सर, तुमच्याबद्दल मी शिस्तप्रिय, मितभाषी, वक्तशीर यांतलं काहीच बोलले नाही. ते सहा वेळा बोलून झालं होतं, तुम्ही पाच वजा केले असतेत.

मान्यवरहो, मी बोलताना कुणाला लागलं असेल तर ज्याला लागलं त्याला का लागलं ते ठाऊक आहे, तरी रीत म्हणून माफी मागते. आणि एवढ्या लांबलेल्या भाषणात एखादी गोष्ट दोनदा आली असेल, तर ती एकदा वजा करा. एकदाच. उरेल ते माझं मत समजा.